"लक्ष नव्हतं त्याचं"

1998 साली भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी चौथीत होते. मालक सफरचंदं घेऊन घरी आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, जरा लक्ष नव्हतं त्यांचं." आईला ते पटलं, बाबांनाही पटलं. अजूनही कुणी हाताकडे पाहिलं की बाबा आधी "माझीच चूक" म्हणतात.

परवा शेजारच्या मुलाची तर्जनी मुळापासून गेली. बावीस वर्षांचा, कॉन्ट्रॅक्टवर. दवाखान्यात सुपरवायझर तेच वाक्य बोलला, म्हणून लिहायला बसले.

पॉवर प्रेसवर आठ तास एकच काम. पत्र्याची पट्टी डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायची, स्ट्रोक मारायचा, पार्ट काढायचा. एवढ्यात लक्ष कधीतरी हलणारच! ते धरूनच मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही. या मशीनचं एक बटण कायमचं दाबून बांधलेलं होतं, पीस जास्त निघावेत म्हणून. हा मुलगा कामाला लागायच्या आधीपासून.

धोकादायक भागाला भक्कम गार्ड हवा आणि मशीन चालू असताना तो जागेवरच हवा, हे 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 21. भोपाळनंतर, 1987 साली, त्यात कलम 7अ आलं आणि सुरक्षा, प्रशिक्षण, देखरेख हे सगळं मालकाचं कर्तव्य ठरलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जागी कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची नवी संहिता आहे, मालकाची जबाबदारी तिथेही आहेच. "लक्ष ठेव" एवढं बजावलं की मालक सुटला, असं कुठेही लिहिलेलं नाही.

भरपाई टाळायला एक पळवाट मात्र हमखास वापरतात. कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला असेल तर भरपाई नाकारता येते, ही 1923 च्या कामगार भरपाई कायद्यापासूनची तरतूद. पण बांधलेल्या बटणावर उभं केलेल्या पोराने काय जाणूनबुजून केलं?

भरपाईच्या कायद्यातल्या तक्त्यात अख्खी तर्जनी म्हणजे कमाईची 14 टक्के क्षमता गेली असं धरतात. बाबांना तो तक्ता कुणी दाखवलाच नाही. पाच हजार रुपये दिले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली, डाव्या हाताने.

तुमच्या ओळखीत असं कुणाचं झालं, तर आधी अपघाताची नोंद रजिस्टरमध्ये झाली का ते बघा आणि मशीनचा फोटो काढून ठेवा. बटण दुसऱ्या दिवशी सुटलेलं असतं. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत असतील तर अपघाताची माहिती तिथे लगेच जायला हवी. अपघात नोकरीच्या पहिल्याच दिवशी झाला असला, तरी अपंगत्वाचा लाभ मिळतो.

संध्याकाळी दवाखान्यात जाणार आहे, कशावरही सही करू नकोस हे त्याला सांगायला. बाबाही येतो म्हणालेत.