मायकेलसन-मोर्ले आणि रिट्झ: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की स्विस भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर रिट्झच्या प्रकाशाच्या वेगाबद्दलच्या थिअरीवर लेख लिहून मी मुलांच्या मनात आइन्स्टाईनच्या रिलेटिव्हिटीबद्दल नसत्या शंका भरतोय, पृथ्वीच्या गतीमुळे प्रकाशाचा वेग दिशेनुसार बदलतो का हे पाहणाऱ्या १८८७ च्या मायकेलसन-मोर्ले प्रयोगानेच हा विषय मिटला, तेव्हा लेख काढून टाकावा.

पण सर, त्या प्रयोगाने रिट्झ खोटा ठरतच नाही! रिट्झने १९०८ मध्ये मांडलं की प्रकाशाचा ठरावीक वेग हा उगमाच्या सापेक्ष असतो, म्हणजे दिवा आपल्याकडे येत असेल तर त्याचा वेग प्रकाशाच्या वेगात मिळवायचा. आता मायकेलसनकडे दिवा काय, आरसे काय, सगळं एकमेकांच्या सापेक्ष स्थिरच होतं, मग दोन्ही दिशांना वेग सारखाच येणार आणि फ्रिंजेस (दोन दिशांचे किरण एकत्र आल्यावर दिसणारे पट्टे) हलणारच नाहीत, रिट्झचंही भाकीत नेमकं हेच. त्या प्रयोगात अडचणीत आला तो स्थिर ईथर, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असं मानलं जायचं ते माध्यम.

आणि असा विचार आइन्स्टाईननेही १९०५ च्या आधी करून पाहिला होता, नंतर सोडला. त्याच्या १९०५ च्या रिलेटिव्हिटीच्या पेपरची सुरुवातच बघा ना, चुंबक हलवा नाहीतर कॉइल हलवा, करंट तोच, तरी स्पष्टीकरणं दोन वेगळी का? हे त्याला खटकलं. रिट्झलाही मॅक्सवेलची वीज-चुंबकत्वाची मांडणी खटकत होती, त्याने दुसरी वाट धरली, आणि १९०९ मध्ये ३१ व्या वर्षी तो गेला.

पुढे १९१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डी सिटरने रिट्झविरुद्ध एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांचा पुरावा दिला (ताऱ्याचा वेग प्रकाशात मिळत असता तर त्यांची कक्षा वेडीवाकडी दिसली असती), पण त्यावरही नंतर आक्षेप आला की मधला विरळ वायू प्रकाश शोषून पुन्हा सोडतो, मग उगमाचा वेग पुसलाच जाणार. हा आक्षेप मला अजिबात पोरकट वाटत नाही. खरा निकाल लागला १९६४ मध्ये, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत. प्रकाशाच्या ९९.९७५ टक्के वेगाने धावणाऱ्या पायॉन नावाच्या सूक्ष्म कणांमधून निघालेले गॅमा किरण मोजले, रिट्झच्या हिशोबाने पुढच्या दिशेला वेग जवळजवळ दुप्पट यायला हवा होता, आला नेहमीचाच, आणि एवढ्या ऊर्जेच्या किरणांना वाटेतल्या हवेची सबब लागू होत नाही.

म्हणून रिट्झ मला पटत नाही, तसं लेखातही स्पष्ट लिहिलंय. भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झचा ईथर वेगळा, त्याची भाकितं रिलेटिव्हिटीसारखीच, पण जो कुठल्याच प्रयोगात सापडू शकत नाही तो ईथर ठेवायचा कशाला, असं माझं मत.

लेख काढणार नाही सर. सर्नच्या प्रयोगावर आकृतीसकट वेगळं लिहितोय, ते वर्गात वापरलंत तर फार आवडेल, फक्त त्याआधी मुलांना १८८७ च्या प्रयोगाबद्दल रिट्झचं भाकीत काढायला सांगा.