भिंतीला काय विचारायचं, टीव्ही टांगा!

दसऱ्याला टीव्ही घेतलाच आहे, तर तो टेबलावर ठेवण्याचा करंटेपणा करू नका. साडूंचा भिंतीवर आहे. साडू सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात आरसीसीच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि तुम्ही शुक्रवार पेठेत, पणजोबांनी बांधलेल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात, हा फरक किरकोळ आहे. भिंत ती भिंत.

शिवाय तुमची अडीच फूट जाड! हे पाहुण्यांना आवर्जून सांगत चला. तिच्या पोटात काय आहे ते मात्र सांगू नका. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक थर आणि मधे माती, चिपा, खापऱ्या, म्हणजे बांधणाऱ्याच्या हाताला त्या दिवशी जे लागलं ते. दोन थरांना धरून ठेवणारे आरपार दगड घालायचा कंटाळा सगळीकडेच होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारीकडच्या अशाच भिंती दुभंगल्या. पण घरात एक काका असतातच. ते पान लावता लावता सांगतील, "मार्शल लॉ बघितलाय हिनं. किल्लारीला हलली नाही, टीव्हीनं काय होतंय?" 1930 साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला, हिला ड्रिल मशीन कुणी लावलं नव्हतं, असली शंका थोरामोठ्यांसमोर काढू नये.

टीव्ही बसवायला येणारा मुलगा फुकट येतो. ब्रॅकेटचे पैसे वेगळे, ते त्याच्या हातात ब्रॅकेट आणि तुमच्या हातात टीव्ही असताना कळतात. तो भिंतीवर बोटानं टकटक करेल. आवाज पोकळ आला तरी म्हणेल, "प्लास्टर हाय की वो, धरतंय." विश्वास ठेवा. मातीच्या भिंतीवर तीस-चाळीस वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा कुणी मारला, आत कोंडलेल्या ओलीनं तो कधी सुटला, हा इतिहास आहे. त्या मुलाला पुढची तीन घरं करायची आहेत.

आता भोक पाडताना जे खाली पडतं ते नीट बघा, अशी करमणूक टीव्हीवरही होणार नाही. आधी मागच्या लग्नातल्या डिस्टेंपरची क्रीम पूड. मग आत्याच्या लग्नातला हिरवा ऑइलपेंट, पापुद्र्यांनी. त्यामागे निळीचा चुना. मग सिमेंटची राखाडी पूड, इथं मशीन जरा कण्हतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. इंचभर आत गेलं की आवाज एकदम बंद. बिट लोण्यात शिरावं तसं आत जातं आणि बाहेर पिवळसर माती येते, सोबत गवताच्या काड्या. या क्षणी थांबणारे लोक भित्रे. तुम्ही म्हणा, "वा, काम लवकर झालं!" एखाद्या भोकात काळा पाषाण लागलाच, तर बिट त्यावरून घसरून शेजारच्या सांध्यात जाईल. म्हणजे पुन्हा माती. स्क्रूसाठी भोकात ठोकायची गिट्टी बसत नसेल तर जास्त जाड गिट्टी घ्या. तीही फिरत असेल तर लोखंडी फास्टनर ठोका. तो आत फुगून भिंतीला घट्ट दाबतो. मातीत तो मातीलाच दाबतो आणि माती शांतपणे बाजूला होते. जुन्या भिंती फार समजूतदार असतात.

कुणी जुना गवंडी सुचवेल, की जाड फळी घ्या, ती लांबच्या चार-सहा चांगल्या दगडांत पकडा, टीव्ही फळीवर लावा. नाहीतर आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्या. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. भिंतीवर फळी दिसली तर साडू काय म्हणतील?

ब्रॅकेट हलता घ्या, बाहेर ओढता येणारा. भिंतीला चिकटलेल्या टीव्हीचं वजन बिचारं खालीच जातं. हातभर पुढे ओढला की तेच वजन वरच्या दोन स्क्रूंना भिंतीतून उपसू लागतं, आणि घरातली लहान मुलं त्याला मदत करतात.

उंचीचं म्हणाल, तर दाराच्या वर. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला की सगळं घर कूलरसमोर फरशीवर चादरी टाकून आडवं होतं, त्यामुळे डोळ्यांच्या रेषेत टीव्ही हवा, हे फ्लॅटवाल्यांचं खूळ. मान वर करून बघितलं की देवदर्शनाचा भाव येतो.

लावून झाला की तो तिरका दिसेल. लेव्हलचा बुडबुडा मधोमध असेल, पण वरची तुळई एका बाजूला वाकलेली आणि खालची फरशी दुसऱ्या बाजूला. मग घरात तीन पक्ष पडतात: तुळईवाले, फरशीवाले आणि बुडबुडेवाले. प्रत्येक पक्षाला एकदा स्टुलावर चढून टीव्ही आपल्या बाजूनं हलवू द्या. स्क्रू तेवढेच सैल होतात, पण लोकशाही टिकते.

राहता राहिले खोक्याच्या तळाशी आलेले दोन प्लास्टिकचे पाय, टीव्ही टेबलावर उभा करण्यासाठी कंपनीनं दिलेले. अडगळ नको. टेबलासकट भंगारवाल्याला देऊन टाका. तो पाय उलटसुलट करून बघेल, मग भिंतीकडे बघेल आणि विचारेल, "टीव्ही पन देनार काय वो?"

त्याला सांगा, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर ये.