९५.२ वरचं केंद्र : ‘एक जुना श्रोता’ यांना उत्तर

नमस्कार.

गच्चीवरून रेडिओ-टीव्हीची केंद्रं शोधण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. नाशिकमध्ये एफएमवर ९५.२ मेगाहर्ट्झला कुठलंच केंद्र नाही, मग मी ते यादीत कुठून आणलं? मोबाइलवरचं ॲप जी यादी अर्ध्या मिनिटात देतं, तिच्यासाठी डोंगल (लॅपटॉपला जोडायचं रेडिओ-टीव्हीच्या लहरी पकडणारं छोटं यंत्र), लॅपटॉप आणि गच्चीवर तारा हा खटाटोप कशाला? आणि ज्याला टीव्हीचं एकही केंद्र सापडलं नाही ते सॉफ्टवेअर काय कामाचं?

पहिल्या आक्षेपात तुमचं म्हणणं बरोबर आहे. ९५.२ ची नोंद चुकीची होती आणि चूक माझी होती. तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रविवारी सगळं सामान घेऊन मी पुन्हा गच्चीवर गेले. तिथे जे दिसलं ते नीट सांगते, कारण डोंगल घेणारा प्रत्येक जण या खड्ड्यात एकदा तरी पडतो.

शोधणारं सॉफ्टवेअर केंद्र ‘ओळखत’ नाही. ते ८७.५ पासून १०८ मेगाहर्ट्झपर्यंत तुकड्या-तुकड्याने पुढे सरकतं आणि प्रत्येक जागी ताकद मोजतं. माझं डोंगल एका वेळी सव्वादोन-अडीच मेगाहर्ट्झच पाहू शकतं, म्हणून एफएमचा पूर्ण पट्टा बघायला नऊ-दहा उड्या लागतात. खरखरीच्या पातळीच्या वर उंचवटा दिसला की ते नोंद करतं. तो उंचवटा हवेतून आला की डोंगलच्या पोटातच तयार झाला, हे त्याला कळत नाही. मी गेन, म्हणजे आलेला सिग्नल डोंगलने किती मोठा करायचा ते माप, शेवटच्या पायरीवर, ४९.६ डेसिबलवर, ठेवला होता. जास्त गेन म्हणजे जास्त केंद्रं, असं मला वाटलं होतं. पण आपल्या शहरातली जवळची केंद्रं इतकी जोरदार येतात की एवढ्या गेनवर डोंगल गुदमरतं आणि दोन केंद्रं एकमेकांत मिसळून तिसरंच उभं करतात. गणित सोपं आहे. ९८.३ ची दुप्पट १९६.६. त्यातून आकाशवाणी नाशिकचे १०१.४ वजा करा. उरतात ९५.२.

हा आकडा कागदावर मांडला तेव्हा मी थक्क झाले. मग उलटं करून पाहिलं : १०१.४ ची दुप्पट २०२.८, त्यातून ९८.३ गेले की १०४.५. नोंदवही उघडली, तर १०४.५ समोर ‘बारीक उंचवटा, आवाज नाही’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. दोन्ही खोटी केंद्रं म्हणजे एकाच जोडीच्या सावल्या.

९५.२ लावून पुन्हा कान देऊन ऐकलं. ९८.३ वरचं गाणं फाटलेल्या आवाजात येत होतं आणि त्याच्या मागे आकाशवाणीचं निवेदन. पहिल्या वेळी मी हे ‘सिग्नल कमजोर’ म्हणून सोडून दिलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. आता गेन ४०.२ वर आणला. खरी केंद्रं साधारण नऊ डेसिबलने खाली आली, जितका गेन कमी केला तितकीच. ९५.२ मात्र खरखरीत बुडून गेलं. अशी मिसळून झालेली सावली मूळ केंद्राच्या तिप्पट वेगाने खाली जाते. दहा डेसिबल कमी करा, ती तीस डेसिबलने घसरते. म्हणून नवं केंद्र सापडलं की आधी गेन कमी करून बघायचं. हे मला लेखात लिहायचं सुचलं नाही. तुमच्यामुळे आता लिहिता आलं.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. ॲपची यादी ही नोंदीतून आलेली यादी असते आणि त्यातली बरीच केंद्रं इंटरनेटवरून वाजतात. ती आपल्या हवेतून येतात की नाही, हे त्यावरून कळत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हा आकडा मोबाइलवर येतोच, तरी आपण गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं ते बघायला जातो ना? माझ्या गच्चीवर काय पोहोचतं, ते मला माझ्या गच्चीवरच मोजायचं आहे. मुंबई दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर, मध्ये सह्याद्री. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात चालतात, म्हणून मुंबईचं एफएम इथे भरवशाने लागत नाही, पण मध्यम लहरी जमिनीला धरून येतात. आमच्या घरी ५५८ किलोहर्ट्झवरची आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी आजीच्या ट्रान्झिस्टरवर लागायची. तुम्हीही ती ऐकली असणार.

शिवाय आपोआप शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर डोळे मिटून विसंबता येत नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या फोनमधल्या एफएमला आकाशवाणी नाशिक नीट सापडेना. ९३.५ सापडलं, ९८.३ सापडलं. सेटिंगमध्ये देश अमेरिका होता. तिकडे केंद्रं ८८.१, ८८.३, ८८.५ अशी विषम दशांशावरच असतात, त्यामुळे शोध १०१.३ वरून थेट १०१.५ वर उडी मारत होता. देश भारत केला आणि १०१.४ स्वच्छ लागलं. मध्यम लहरींवरही तेच : आपल्याकडे ९ किलोहर्ट्झची पायरी, तिकडे १० ची. त्या पायरीवर ५५८ येतच नाही.

टीव्हीचं थोडक्यात. दूरदर्शनने जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं बहुतेक ठिकाणी बंद केली आहेत. २०१६ मध्ये जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सोळा शहरांत सुरू झालं, त्यात मुंबई आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) होतं, नाशिक नव्हतं. ते डीव्हीबी-टी२ या नव्या डिजिटल पद्धतीचं, आणि माझ्या डोंगलची चिप फक्त जुनी डीव्हीबी-टी उलगडते. पण ताकद तिला दिसतेच. डिजिटल टीव्हीचं केंद्र असतं, तर सात-आठ मेगाहर्ट्झ रुंदीचा सपाट ओटा पडद्यावर उठला असता. तो कुठेच नव्हता. ‘इथे काही नाही’ हेही मोजूनच कळलं. दूरदर्शन फुकट बघायचं तर डिश आग्नेयेकडे, ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवून फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकट उपग्रह सेवा, घ्यावी.

मूळ लेखातली ९५.२ ची नोंद मी पुसलेली नाही. तिच्यावर रेघ मारून खाली कारण लिहिलं आहे, १०४.५ सकट. तुम्ही नाशिकरोडला राहता असं लिहिलंत. तुमच्याकडचा तो जुना ट्रान्झिस्टर चालू असेल तर एकदा भर दुपारी आणि एकदा रात्री नऊनंतर मध्यम लहरींचा काटा हळूहळू फिरवा आणि दोन्ही वेळी काय काय लागलं ते मला कळवा. मी पंचवटीतून त्याच वेळी करते.