दाढेला टाळेबंदी कळत नाही

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि आमच्या भागातले दातांचे दवाखाने बंद झाले. माझाही झाला. भीती खरी होती. दाढ कोरायचं मशीन चालू केलं की लाळेचा तुषार खोलीभर उडतो, आणि आमचं तोंड पेशंटपासून वीतभर लांब. मे महिन्यात आरोग्य मंत्रालयाच्या सूचना आल्या, त्यातही रेड झोनमध्ये फक्त तातडीचेच उपचार होते.

पण तातडीचं म्हणजे काय, हे पेशंटला कुणी सांगितलं?

एप्रिलमध्ये केज तालुक्यातून एका बाईंचा फोन आला. "मॅडम, मालकाला पाणीबी गिळंना." दाढ आठ दिवसांपासून ठणकत होती. दाढेत तंबाखू धरून झाली, लवंग झाली, मेडिकलवरच्या गोळ्या झाल्या. दोन दवाखान्यांनी दारातूनच परत लावलेलं. व्हिडिओ कॉलवर बघितलं तर हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी सूज, जीभ वर उचललेली, लाळ गळतेय. हात लावून बघा म्हणलं, तर दगडासारखं लागतंय म्हणाल्या. लुडविग अँजायना. खालच्या दाढेतला जंतुसंसर्ग जिभेखाली आणि गळ्यात पसरतो, श्वासाची वाट बंद होते. तसंच अंबाजोगाईला स्वारातीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, न्यायला लावलं. नाक्यावरच्या पोलिसांशी फोनवर मीच बोलले. माणूस वाचला.

आठवडाभर आधी ती दाढ साध्या चिमट्याने निघाली असती. भुलीचं इंजेक्शन, चिमटा, एन-९५ मास्क, उघडी खिडकी. मशीन लागलंच नसतं. पू साचला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. हे आम्हा डॉक्टरांना माहीत होतं, तरी सुरुवातीला आम्ही सरसकट कुलूप लावलं. याचं मला आजही वाईट वाटतं. त्या फोननंतर मी रोज दोन तास दवाखाना उघडला.

२०२१ मध्ये काळी बुरशी आली. कोरोनातून उठलेले शुगरचे पेशंट, वरचे दात अचानक हलायला लागलेले. तेव्हा 'दातांचं काय, नंतर बघू' म्हणण्यात किती जणांचे दिवस वाया गेले असतील!

माझं म्हणणं एवढंच आहे. साथ कुठलीही येवो, प्रत्येक तालुक्यात दातांची एक खुर्ची चालू राहिली पाहिजे. आणि गावागावात आशाताईंमार्फत सांगितलं पाहिजे, की जबड्याखाली सूज, तोंड न उघडणं, गिळता न येणं, रक्त न थांबणं यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचा डॉक्टर आहे का, खुर्ची चालू आहे का? या आठवड्यात जाऊन बघा आणि इथे कमेंटमध्ये तालुक्याच्या नावासह लिहा.