चावी परत मागू नका

फेब्रुवारीची २७ तारीख जवळ आली की दादाला मराठी चढते. वर्षभर नातवाशी इंग्रजीत बोलणारा हा माणूस त्या आठवड्यात एक यादी करतो, डावीकडे ‘परके’, उजवीकडे ‘आपले’, आणि तिचा फोटो काढून मला पाठवतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाल्यापासून यादी दोन पानी झाली आहे. यंदाच्या यादीत पगारला वेतन, तुरुंगाला कारागृह, फलाण्याला अमुक, चावीला किल्ली आणि बादलीला (मी दोनदा वाचलं) जलपात्र. खाली लाल शाईत टीप: अभिजात भाषेला उसनवारी शोभत नाही.

शाई हा शब्द फारसी ‘सियाही’वरून आलाय, हे मी त्याला कळवलं नाही. थोरला आहे.

पण यादी डोक्यातून जाईना. मी २००५ पासून लिस्बनमध्ये राहते, आणि दादा ज्यांना हाकलायला निघालाय ते निम्मे शब्द मला इथे रोज रस्त्यात भेटतात. दुकानात गल्ल्यावरची बाई विचारते, कार्डाने ‘पागार’? पागार म्हणजे पैसे देणे. आपण त्या क्रियापदाचं नाम केलं आणि देण्याचं घेणं केलं. सुरुवातीची दोन वर्षं तो शब्द कानावर पडला की मला एक तारीख झाल्यासारखं वाटायचं, आणि खिशातून पैसे मात्र जायचे. बादलीला इथे ‘बाल्द’ म्हणतात, म्हणजे आपली जुनी बालदीच. घमेलं इथलं ‘गामेला’. लिलाव ‘लैलाँव’, आणि तो पोर्तुगीजांनी अरबांकडून उचललेला.

माझा सगळ्यात लाडका तुरुंग. मूळ ‘त्रोंकू’, म्हणजे झाडाचा बुंधा, ओंडका. कैद्याचे पाय भोकं पाडलेल्या लाकडात अडकवून ठेवायचे, त्या खोड्यालाही त्रोंकूच म्हणत. आपण ओंडका विसरलो आणि त्याच्याभोवती भिंती बांधल्या. ‘कारागृह’ म्हटल्यावर ह्यातलं काय दिसतं? सरकारी पाटी दिसते.

ह्या शब्दांचा माग पहिल्यांदा नीट काढला तो गोव्याच्या एका पाद्रीने. सेबास्त्याँव रोदोल्फो दालगादो, जन्म १८५५, आसगावचा, घरची भाषा कोकणी. पुढे इथे लिस्बनमध्ये तो संस्कृत शिकवायचा, आणि आशियातल्या भाषांमध्ये गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा त्याचा कोश १९१३ साली निघाला. ‘आपले’ आणि ‘परके’ असे दोन रकाने त्याला आखता आले असते का, असं मला नेहमी वाटतं. त्याने स्वतःला कुठल्या रकान्यात लिहिलं असतं?

आणि उसनवारी एका बाजूची नाही. इथे ताप आला की डॉक्टरही ‘कांझा’ घे म्हणतात. ही आपली कांजी, मल्याळममधून उचललेली. फक्त हिच्यात कोंबडी पडली आणि ती ह्यांच्या आज्यांची झाली. हातातल्या काठीला ‘बेंगाला’ म्हणतात, कारण तिचा वेत बंगालचा. माझ्या जिन्यावरचे म्हातारे आजोबा रोज बंगाल टेकत खाली उतरतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. फलाणा तर थेट ‘फुलानू’ आहे. अरबी ‘फुलान’ पश्चिमेला गेला तो इथे पोचला, पूर्वेला निघाला तो फारसीतून आपल्याकडे. फिनांसासच्या, म्हणजे कर कार्यालयाच्या, रांगेत एक बाई दुसरीला सांगत होती, फुलानू असं म्हणाला, फुलानू तसं म्हणाला, आणि मी नंबराचा कागद हातात धरून एकटीच हसत बसले.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. बघ, म्हटलं, इथे शेकड्यांनी अरबी शब्द आहेत. ‘देव करो’ म्हणायचं तर ही कट्टर कॅथलिक माणसं ‘ओशला’ म्हणतात, ज्यात अल्ला बसलेला आहे, आणि कोणाच्या पोटात दुखत नाही.

इथे मी थोडी लबाडी केली. दुखतं. पोर्तुगाल, ब्राझील वगैरे देशांच्या १९९० च्या शुद्धलेखन करारावरून इथे अजून भांडणं होतात, आणि जुनी माणसं हट्टाने गाळलेली व्यंजनं लिहितात. माझी मुलगी लहानपणी गवताला ‘रेल्वा’ न म्हणता ब्राझीलच्या व्हिडिओंतलं ‘ग्रामा’ म्हणाली, तेव्हा तिच्या बाईंचा चेहरा हुबेहूब दादासारखा झाला होता. हे मी त्याला सांगितलं नाही. परदेशातून वाद घालायचा तर परदेश थोडा नीटनेटका करूनच दाखवावा लागतो.

दादाचा हुकमाचा पत्ता म्हणजे राज्यव्यवहारकोश. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी शब्दांना संस्कृत पर्याय करवून घेतले, चांगले तेराशेच्या वर. मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती झाला. मला त्या कामाचा आदरच आहे. ते राजाचं काम होतं, दरबाराची भाषा ठरवण्याचं. पण पेशव्याचं काय झालं? शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ आणि लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत पेशवे. मुजुमदार आडनाव होऊन अजून नांदताहेत. सावरकरांचे ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ रुजले, हे त्याचं म्हणणंही खरं. मीसुद्धा वापरते. पण त्यांनी नवे शब्द दिले म्हणून जुने मेले नाहीत. तारीख अजून जिवंत आहे, कोर्टात तर फारच.

“तुला तिकडे बसून काय जातंय?” दादा म्हणाला. “रोज दुकानात मराठी बोलायला कोणी मिळत नाही ते आम्हाला. तुझी मराठी कपाटात सुरक्षित आहे.”

हे लागलं, कारण चावीची एक गोष्ट मी त्याला सांगणार होते ती घशातच राहिली.

पोर्तुगीजांनी वसई घेतली १५३४ मध्ये आणि चिमाजीअप्पांनी ती परत मिळवली १७३९ मध्ये. किल्ला गेला, चावी मात्र आपल्याकडे राहिली. आता इथे लिस्बनमध्ये किल्लीला ‘शाव’ म्हणतात, ‘श’ने. सोळाव्या शतकात हेच लोक ‘च’ म्हणायचे. पुढे राजधानीचा उच्चार घसरला, उत्तरेकडच्या डोंगराळ भागात काही गावांनी तेवढा तो धरून ठेवला. म्हणजे आपली चावी राजधानीतल्या चावीपेक्षा जुनी पोर्तुगीज आहे. जो शब्द घर सोडून गेला, त्याने घरचा उच्चार जपला, आणि घर पुढे निघून गेलं.

हे मला कळलं तेव्हा आधी गंमत वाटली. मग गेल्या दिवाळीतला भाचा आठवला. मी त्याला म्हटलं होतं, “खाली पोचलास की मिस्ड कॉल दे.” तो इतका हसला की सोफ्यावरून पडायचा राहिला. “अगं आत्या, मिस्ड कॉल आता कोण देतं? आणि तू ‘अय्या’ म्हणतेस! खरंच म्हणतेस!” त्याने तो ‘अय्या’ माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला आणि मित्रांसाठी रेकॉर्ड केला. मी पण हौसेने म्हटला. रात्री झोप लागली नाही.

तर फोनवर मी गप्प होते आणि दादा कारागृहावर बोलत होता, तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालून लेकीचा आवाज: “आई, उघड ना, शावी विसरले.”

फोन स्पीकरवर होता.

“शावी काय गं?” दादा तिकडून ओरडला. “चावी म्हण! च! च चमच्यातला! अगं, तू हिला काही शिकवतेस की नाही?”

मी यादी हातात घेऊन दार उघडायला गेले. दादाला तेव्हाही काही बोलले नाही.