मारिओ बावाचा 'शॉक' आणि पॅसेजमधली ती धाव

परवा इटालियन दिग्दर्शक मारिओ बावाचा 'शॉक' तिसऱ्यांदा पाहिला. १९७७ चा चित्रपट. इटालियन भयपट आवडीने बघणारी माणसंही याचं नाव निघालं की "तो शेवटचा ना? थकला होता तेव्हा बावा" एवढं बोलून पुढच्या विषयाकडे वळतात. मला हे अजिबात पटत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

बावा १९१४ चा, सान रेमोचा. वडील एउजेनिओ मूळचे शिल्पकार, पुढे मूकपटांच्या काळात कॅमेरा आणि ट्रिकसीन करू लागले. थोडक्यात, पोरगं कारखान्यातच वाढलं. दिग्दर्शक होण्याआधी तो वर्षानुवर्षं कॅमेरामन होता. १९५७ च्या 'ई वाम्पिरी'चं छायाचित्रण त्याचंच. त्यात एक सुंदर बाई कॅमेऱ्यासमोर, मध्ये कुठेही कट न घेता, बघता बघता म्हातारी होते. मी अनेक वर्षं हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. हा सीन पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या आणि लाल उजेड टाकायचा, म्हणजे त्या दिसतच नाहीत. उजेड हिरव्याकडे नेला की त्याच सुरकुत्या काळ्या होऊन चेहऱ्यावर उमटतात. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे उजेडाचा रंग बदलला हे प्रेक्षकाला कळायचं कारणच नाही. दिव्यांवर लावायचे रंगीत जिलेटिन कागद आणि उजेड कमी-जास्त करणारे डिमर यांच्याशी ज्याने झटापट केलीय त्याला यातली मजा वेगळी सांगायला नको.

पैसे कमी पडणं या माणसाला कधीच नवीन नव्हतं. १९६५ च्या अंतराळपटात अख्खा परग्रह त्याने प्लॅस्टिकचे दोन खडक, आरसे आणि भरपूर धूर एवढ्यावर उभा केला. पण सत्तरच्या दशकात त्याच्यावर जे आलं ते पैशाच्या टंचाईपेक्षा वाईट होतं. 'लिसा अँड द डेव्हिल' हा त्याचा फार जिव्हाळ्याचा चित्रपट. तो विकला जाईना, तेव्हा निर्मात्याने त्यात भूत उतरवण्याचे सीन घुसडले आणि नाव बदलून बाजारात आणला. कारण भूत उतरवण्यावरचा 'एक्सॉर्सिस्ट' तुफान चालला होता. त्यानंतर १९७४ मध्ये 'कानी आराब्बियाती' केला. तो पैशाच्या भानगडीत असा अडकला की बावा गेल्यावर पंधराएक वर्षांनी कुठे लोकांना बघायला मिळाला. एक चित्रपट विद्रूप केलेला, दुसरा कुलपात. आणि माणूस साठीच्या पुढे गेलेला.

या सगळ्यानंतर 'शॉक' आला. मुलगा लाम्बेर्तो पटकथेत होता, सहायक दिग्दर्शकही तोच. चित्रपटात घर एक आणि माणसं मोजकी. दोरा आपल्या लहान मुलाला, मार्कोला, घेऊन जुन्या घरात राहायला येते. पहिला नवरा कार्लो व्यसनी होता, तो वारल्याला काही वर्षं झालीत. त्यानंतर तिचं मन पार कोसळलं होतं, इस्पितळात विजेचे झटके दिले होते. त्या दिवसांतलं बरंचसं तिला आठवत नाही. दुसरा नवरा ब्रुनो वैमानिक आहे, म्हणजे घरी कमी आणि बाहेर जास्त. हळूहळू मार्को विचित्र वागायला लागतो. एके ठिकाणी तो अगदी शांतपणे आईला सांगतो की मला तुला मारावं लागणार आहे. तळघरात काय आहे ते मी सांगणार नाही, ज्यांना बघायचाय त्यांनी बघावा.

मला भिडते ती दोराची कोंडी. पोराच्या अंगात खरंच कोणी आलंय, की आपलंच डोकं पुन्हा बिघडतंय, हे तिला ठरवता येत नाही. नवऱ्याला सांगावं तर तो गोळ्या घे म्हणणार. सोफ्याच्या फटीत चिनी मातीचा हात सापडतो, पियानोच्या पट्ट्यांमध्ये पातं असतं. सगळ्या घरातल्याच वस्तू! दारिया निकोलोदीने दोराचं हे काम जीव ओतून केलंय. त्याच वर्षी आलेल्या 'सुस्पिरिया'च्या लेखनात ती सहभागी होती, आणि त्या चित्रपटात लाल-निळ्या उजेडाचा नुसता महापूर आहे. इटालियन भयपटाला ते रंग बावानेच शिकवलेले. 'शॉक'मध्ये मात्र त्याने ते बहुतेक बाजूला ठेवले. दिवसाउजेडी दिसणारं साधं घर, भिंती, जिना. आयुष्यभर ज्याच्यासाठी नाव झालं तेच खाली ठेवायचं, हे थकलेल्या माणसाला सुचत नाही. आपल्याला आता कशाची गरज नाही, हे कळलेल्या माणसाचं ते काम आहे.

दोष आहेतच. मधला भाग रेंगाळतो. लिब्रा या बँडचं संगीत काही ठिकाणी छान घुमतं, पण काही ठिकाणी सीनच्या अंगावर धावून जातं. ब्रुनोचं पात्र कोरडं आहे. आणि अमेरिकेत तो 'बियाँड द डोअर टू' या नावाने विकला गेला याचा मला खरोखर राग येतो. त्या पहिल्या 'बियाँड द डोअर'शी याचा संबंध काय, तर मार्को झालेला छोटा डेव्हिड कॉलिन दोन्हींत आहे, एवढाच. भलत्याच गोष्टीचा दुसरा भाग बघायला आलेला प्रेक्षक नाराज होऊन जाणार नाही तर काय?

पण त्या ट्रिका बघा हो! मार्को ब्रुनोचा फोटो झोपाळ्याला लावून झोका देतो आणि तिकडे आकाशात विमान हेलकावे खातं. झोपाळा आणि फोटो, खर्च जवळपास शून्य. दुसरा सीन दोरा पलंगावर पडलीय तेव्हाचा. तिचे केस आपोआप उचलले जातात, कोणीतरी बोटं फिरवल्यासारखे चेहऱ्यावरून सरकतात. पलंग आणि कॅमेरा एकमेकांना जखडून दोन्ही एकत्र फिरवलेत. चित्र जागच्या जागी राहतं, केस तेवढे खाली पडतात, आणि "खाली" कुठे आहे हे आपल्याला माहीत नसतं.

आणि तो पॅसेज. दोरा या टोकाला, मार्को त्या टोकाला. पोरगा आईकडे धावत सुटतो. कट नाही. अगदी जवळ येतो, कॅमेऱ्याच्या चौकटीखाली क्षणभर नाहीसा होतो आणि त्याच्या जागी मेलेला नवरा वर येऊन तिला धरतो. पहिल्यांदा पाहताना माझ्या हातातला रिमोट पडला होता. पोरगं खाली वाकतं, आधीच दबून बसलेला नट उठतो, झालं. २०१४ च्या 'अ‍ॅनाबेल'मध्ये लहान मुलगी धावत येते आणि दारातून आत येता येता मोठी बाई होते, ते पाहून मला लगेच हाच पॅसेज आठवला. कॉम्प्युटर नसताना सदतीस वर्षं आधी बावाने ते पोराच्या धावेवर केलं होतं.

आमच्या ग्रुपमध्ये प्रकाशयोजना शिकणाऱ्या एका मुलाला मी हा सीन दाखवला. त्याने चार वेळा मागे नेऊन पाहिला आणि म्हणाला, "दादा, करून बघू." तालमीच्या हॉलबाहेर लांब व्हरांडा आहे. एका मित्राची आठ वर्षांची लेक धावणार, मित्र मोबाइलच्या खाली उकिडवा बसणार. आम्ही अकरा वेळा केलं. कधी मित्राचं डोकं आधीच दिसायचं, कधी तो उठायला उशीर करायचा. ते दोन्ही सुधारलं, तरी मजा येईना. मग नीट पाहिल्यावर लक्षात आलं की खाली बाबा बसलाय हे पोरीला माहीत असल्यामुळे शेवटच्या दोन पावलांत ती वेग कमी करत होती. घरी येऊन मी पुन्हा 'शॉक' लावला आणि फक्त मार्कोचे पाय पाहिले. तो शेवटपर्यंत वेग कमी करत नाही.