आधी सुंभ टाकून बघा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले दोन महिने एकच विषय चाललाय. सिंधुदुर्गातल्या घरापुढच्या खळ्यात पेव्हर ब्लॉक घालायचे की नाही? खळं म्हणजे अंगण. आमचं 40 बाय 35 फुटांचं, मधोमध तुळस. दादाने भाव आणलाय तो सगळ्या खळ्याचा, 1400 चौरस फुटांचा. भांडुपचा चुलतभाऊ म्हणतो, पेव्हर कसले घालता, जांभ्याचे चिरे घाला. आत्या म्हणते, खळं सारवलेलंच हवं. आत्या गेली तीस वर्षं डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते.

मीही आत्याच्या बाजूने एक लांबलचक मेसेज टाकला, इंग्लंडात रेडिंगला बसून. त्यावर वहिनीने दोनच वाक्यं लिहिली. "भावजी, तुमी येतास आठ दिवस. खळा कोण चोपतला?"

मी गप्प बसलो. पाऊस सरला की शेवाळलेली जमीन खणायची, पाणी मारायचं, ढेकळं सारखी करून चोपायची, वाळली की सारवायची. पुढे दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा सारवण. हे सगळं करायला पूर्वी घरात दहा माणसं होती आणि एवढ्या मोठ्या खळ्याला कामही होतं. भात झोडणं, कोकमाची सोलं वाळवणं, मिरच्या, लग्नाचा मांडव. आता घरात दोघं, त्यातल्या एकाचे गुडघे दुखतात. तेव्हा शेणाच्या वासाचं कौतुक मी मागे घेतलं.

पण एक गोष्ट मला अजून खटकते. घालायचं काय यावर ग्रुपवर दीड-दोनशे मेसेज झाले, पण किती घालायचं हे कुणीच विचारलं नाही. आणि नेमकी तीच चूक मी इथे पैसे मोजून केली आहे.

आमच्या घरामागे 28 फूट रुंद आणि 40 फूट लांब बाग आहे. घर घेतलं त्या वर्षी मी घराच्या भिंतीला लागून 24 बाय 18 फुटांचा पॅटिओ, म्हणजे बसायला फरशी घातलेलं अंगण, करून घेतला. डोळ्यांसमोर होती ती गणपतीची आरती: चाळीस माणसं, प्रसादाची ताटं. चाळीस माणसं वर्षातून एकदा येतात. आणि आली तरी निम्मी आतच बसतात, कारण बाहेर पाऊस.

मोठ्या पॅटिओचं खरं दुखणं उताराचं असतं. फरशीला घरापासून बाहेर, साधारण 80 सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार लागतो. शिवाय भिंतीत ओल चढू नये म्हणून विटांमध्ये जो थर घातलेला असतो, त्याच्या 15 सेंटिमीटर तरी खाली फरशी राहायला हवी. आता 18 फुटांचा हिशोब करा: या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सात सेंटिमीटर उतरायचं. आमच्या कारागिराने तेवढं खणायचा कंटाळा केला. त्यामुळे मधोमध परातीएवढं तळं साचायचं आणि हिवाळ्यात त्याचा बर्फ व्हायचा. बाग ईशान्येकडे, म्हणजे भिंतीलगतची दहा फूट जागा बहुतेक दिवसभर सावलीत. तिथे वर्षभर हिरवा बुळबुळीतपणा. फरशीचं नाव कांडला ग्रे. दगड राजस्थानचा, नाव गुजरातच्या बंदराचं, आणि शेवाळ चढतंय रेडिंगमध्ये. त्याला बोल लावायचा मला अधिकार नाही.

चार वर्षांनी निम्मी फरशी उखडली. या वेळी आधी हिरवळीवर पाणी घालायचा होज टाकून चौकोन आखला, आत सहा माणसांचं टेबल ठेवलं आणि बायको-मुलांना जेवायला बसवलं. टेबल पाच बाय तीन फुटांचं. खुर्ची मागे सरकवून उठायला चारी बाजूंनी तीन-तीन फूट. म्हणजे 11 बाय 9. वाढणाऱ्याला मागून जाता यावं म्हणून एका बाजूला आणखी थोडी जागा. 12 बाय 12 मध्ये सगळं आलं. हा चौकोन मी भिंतीपासून काढून बागेच्या टोकाला नेला, जिथे संध्याकाळचं ऊन पडतं. आता तिथे रोज कुणीतरी बसलेलं असतं.

इथल्या सरकारलाही हा आकाराचा प्रश्न पडला होता. 2007च्या उन्हाळ्यातल्या पुरानंतर नियम झाला. ऑक्टोबर 2008पासून इंग्लंडात घरापुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालायची, आणि पाणी बाजूच्या मातीत सोडायचं नाही, तर परवानगी लागते. पाणी मुरत असेल तर कितीही घाला. लंडनच्या आसपास वर्षभराचा पाऊस 600-650 मिलिमीटर. आमच्या गावाकडे चार महिन्यांत 3000च्या वर. तिथे 1400 चौरस फुटांवर पेव्हर घातले, आणि हल्ली घालतात तसे खाली काँक्रीट ओतून घातले, तर ते सगळं पाणी शेजाऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर जाणार. मग भावकीचा वेगळा ग्रुप काढावा लागेल.

दादाचं म्हणणं, गणपतीत चाकरमान्यांच्या तीन गाड्या येतात, त्या चिखलात रुततात. खरंय. पण गाड्या दहा दिवस. उरलेले दिवस वहिनी पडवीच्या पायरीपासून विहिरीपर्यंत आणि न्हाणीपर्यंत चालते. मी म्हटलं, दादा, कंत्राटदाराला थांबव आणि सुंभ टाकून बघ. पाऊस पडताना रोज जिथे पाय पडतो तिथे पक्कं करा, गाड्यांना चाकांपुरते दोन पट्टे चिऱ्याचे, बाकी राहू दे माती.

परवा त्याने फोटो पाठवला. पडवीपुढे 12 फुटांचा पट्टा, त्याला फुटलेल्या दोन वाटा, सुंभाला जागोजागी करवंट्यांचं वजन. वहिनीने वाटा आखताना तुळशीभोवतीची जागा पक्की करण्यात धरली नव्हती, ती दादाने धरली. तुळशीला रोज पाणी घालते वहिनी, आणि तिला तिथे मातीच हवी आहे. ग्रुपवर सध्या यावर चाललंय.